गृहारोग्य : गर्भस्राव आणि गर्भिणीचे वजन

दारव्हा तालुक्यातील एका वडीलधाऱ्या भगिनींचे पत्र या महिन्यात आमच्या हाती आले. त्यांच्या सुनेस दुसऱ्या खेपेस दिवस राहिले होते. तिसरा महिना पुरा होण्याच्या आतच गर्भ गेला, आणि पहिल्या खेपेसही असेच झाले होते. सून अंगाने अगदी बारीक, तेव्हा तिच्या शरीरात गर्भ पोसण्याचे बळच नाही, असे घरात बोलले जाते. उलट त्यांच्या जाऊबाईंची भाची चांगली भरल्या अंगाची, आणि तरीही तिच्या वाट्यास हेच दुःख आले. मग स्त्रीच्या वजनाचा आणि गर्भ टिकण्याचा खरोखरच काही संबंध आहे काय, आणि असल्यास घरच्यांनी करावे तरी काय, असे त्या विचारतात. प्रश्न एका घरातून आला असला तरी तो पुष्कळ घरांचा आहे, म्हणून त्याचा विचार या सदरातच करण्याचे आम्ही ठरविले.

उत्तर थोडक्यात आधीच सांगून टाकतो. संबंध आहे. फार कृशता आणि फार स्थूलता या दोहोंमुळेही गर्भस्रावाचा संभव वाढतो. परंतु तो थोड्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे अमुक एका सुनेचा गर्भ तिच्या वजनामुळेच गेला, असे कोणालाही छातीठोकपणे म्हणता यावयाचे नाही. आणि तिसरी गोष्ट, जी आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते, ती अशी की, सुनेचे वजन ही एकट्या सुनेच्या हातची वस्तू नाही. ते पुष्कळ अंशी घरातल्या पंगतीवर ठरते. या तिन्ही गोष्टी आता क्रमाने पाहू.

आयुर्वेदाने चौथ्या महिन्यापर्यंत गळणाऱ्या गर्भास गर्भस्राव आणि पाचव्या-सहाव्या महिन्यात पडणाऱ्यास गर्भपात अशी निरनिराळी नावे दिली आहेत. हा भेद आजही उपयोगाचा आहे, कारण दोहोंची कारणे बहुधा निराळी असतात. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने २०२१ साली या विषयावर लेखमाला प्रसिद्ध केली. तीत दिलेल्या अंदाजाप्रमाणे, दिवस राहिल्याचे कळून आलेल्या दर शंभर स्त्रियांपैकी सुमारे पंधरा जणींचा गर्भ टिकत नाही, आणि साऱ्या जगात वर्षाकाठी सुमारे २ कोटी ३० लक्ष गर्भ असे जातात. म्हणजे ज्या घरी चार-पाच सुना-लेकी आहेत, त्या घरातील एखादीला तरी हा अनुभव आलेला असण्याचा संभव मोठा आहे. ती बोलली नसेल, एवढेच.

यांपैकी बहुतेक गर्भ पहिल्या बारा आठवड्यांतच जातात. अशा लवकर गेलेल्या गर्भांची तपासणी केली असता, सुमारे निम्म्या किंवा त्याहूनही अधिक गर्भांत गुणसूत्रांची संख्या मुळातच चुकलेली आढळते. गुणसूत्रे म्हणजे बीजातील ते सूक्ष्म धागे, ज्यांवर देहाच्या घडणीचा सारा आराखडा असतो. स्त्रीबीज व पुरुषबीज तयार होताना, किंवा त्यांच्या संयोगानंतर गर्भाच्या पेशी प्रथम विभागताना, एखादा धागा अधिक पडला किंवा एखादा उणा राहिला, की तो गर्भ पुढे वाढू शकत नाही. हे गर्भधारणेच्या क्षणीच किंवा त्यानंतर थोड्याच दिवसांत ठरून गेलेले असते. त्यानंतर त्या स्त्रीने पाण्याची कळशी उचलली की नाही, ती जिना चढली की नाही, ग्रहणात तिने भाजी चिरली की नाही, याने त्यात काही कमी-अधिक होत नाही. हा दोष पित्याच्या बीजातूनही येऊ शकतो, ही गोष्ट तर आपल्या घरांतून कोणी बोलून दाखवीतच नाही.

वयाचाही यात मोठा वाटा आहे. नॉर्वे देशातील सरकारी नोंदींवरून २०१९ साली असे दाखविण्यात आले की, पंचविशी ते तिशीच्या दरम्यान गर्भस्रावाचे प्रमाण सर्वांत कमी, म्हणजे शेकडा दहाच्या आसपास असते. पुढे ते वाढत जाते, आणि पंचेचाळिशीनंतर निम्म्याहून अधिक गर्भ टिकत नाहीत. तेव्हा वजनाचा विचार करताना तो या दोन मोठ्या कारणांच्या शेजारी ठेवूनच केला पाहिजे. एवढे मात्र खरे की, गुणसूत्रे आणि वय ही आपल्या हातची नाहीत; वजन मात्र काही अंशी हातचे आहे.

आता वजन मोजावे कसे, ते सांगतो. नुसता काट्यावरचा आकडा पुरेसा नाही, कारण उंच बाईचे आणि ठेंगण्या बाईचे योग्य वजन एक असत नाही. म्हणून किलोतील वजनास मीटरमधील उंचीने दोनदा भागतात. येणारा आकडा १८.५ पेक्षा कमी असेल तर ती स्त्री कृश समजावी. जगभर २५ च्या पुढे स्थूलता मानतात. परंतु आपल्या लोकांत पोटाभोवती मेद लवकर साठतो व मधुमेहही लवकर जडतो, म्हणून भारतीयांसाठी २३ हीच मर्यादा धरावी आणि २५ च्या पुढे मेदोवृद्धी समजावी, असे आपल्याकडील तज्ज्ञांनी ठरविले आहे. हिशेब करण्याचा कंटाळा असल्यास एवढे ध्यानात ठेवावे : पाच फूट उंचीच्या स्त्रीचे वजन ४३ किलोच्या खाली असू नये आणि ५३ किलोच्या फारसे वर असू नये; पाच फूट दोन इंच उंचीच्या स्त्रीसाठी हेच आकडे ४६ आणि ५७ आहेत. हे वजन दिवस राहण्यापूर्वीचे होय.

कृशतेविषयी प्रथम बोलू. ब्रिटनमधील काही हजार स्त्रियांच्या माहितीवरून २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, ज्यांचा हा आकडा १८.५ पेक्षा कमी होता त्यांच्यात पहिल्या तीन महिन्यांतील गर्भस्रावाचा संभव बेताच्या वजनाच्या स्त्रियांपेक्षा सुमारे पाऊणपट अधिक होता. आणि ज्या रोज ताजी फळे व भाज्या खात त्यांच्यात तो पुष्कळ कमी होता. अशा अभ्यासावरून कारण आणि कार्य यांची गाठ पक्की बांधता येत नाही, हे खरे. तथापि शरीराची रीत पाहिली तर यात नवल वाटू नये. अंगातील मेद हा नुसता साठा नसतो. शरीरात शिल्लक किती आहे याचा निरोप त्याच्याकडून मेंदूस जात असतो, आणि शिल्लक फार उणी झाली की मेंदू बीजकोशाचे काम मंद करतो. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये अन्नाचा दुष्काळ पडला, तेव्हा असंख्य स्त्रियांची पाळी बंद झाली आणि नऊ महिन्यांनंतर तेथील जन्मसंख्या एकदम खाली आली.

आपल्या महाराष्ट्रातील उदाहरणही आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भवतींचा अभ्यास हाती घेतला. त्या मातांचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो आणि उंची १५२ सेंटिमीटर भरली. म्हणजे वर सांगितलेल्या हिशेबाने सरासरी माताच कृश ठरली. त्या अभ्यासाचा मुख्य विषय बाळाचे जन्मवजन हा होता, गर्भस्राव नव्हे. परंतु त्यातून घरोघरी उपयोगी पडेल अशी एक गोष्ट निघाली. नुसते अधिक अन्न खाणाऱ्या मातांपेक्षा, ज्यांच्या आहारात दूध, पालेभाज्या आणि फळे वारंवार होती त्यांची बाळे अधिक चांगल्या वजनाची जन्मली. आणखी एक गोष्ट : त्या मातांपैकी निम्म्याहून अधिक जणींच्या रक्तात बी-१२ हे जीवनसत्त्व उणे होते. हे सत्त्व भाजीपाल्यात व धान्यात नसते. शाकाहारी घरात ते मिळण्याचा मार्ग म्हणजे दूध, दही व ताक. आणि तेवढ्याने न भागल्यास वैद्यांनी दिलेले औषध. ज्या घरात दूध आधी पुरुषांच्या चहास, मग मुलांस, आणि उरल्यास सुनेस असा क्रम आहे, त्या घराने याचा विचार अवश्य करावा.

आता स्थूलतेकडे वळू. मेद फार वाढला की रक्तातील साखर ताब्यात ठेवणाऱ्या इन्सुलिन या रसाचा परिणाम मंदावतो, शरीर तो अधिकाधिक निर्माण करते, आणि त्यामुळे बीजकोश व गर्भाशयाचे अस्तर या दोहोंचे काम बिघडते. आज तरुण मुलींत वारंवार आढळणारा, बीजकोशात बारीक पुटकुळ्या दिसण्याचा व पाळी लांबण्याचा विकार याच्याशी निगडित आहे. कंठग्रंथीचा मंदपणा आणि न कळलेला मधुमेह हेही पुष्कळदा स्थूलतेच्या सोबतीने असतात, आणि ते स्वतंत्रपणे गर्भास बाधक ठरतात. संशोधकांनी असेही नोंदविले आहे की, स्थूल स्त्रियांच्या गेलेल्या गर्भांत गुणसूत्रे निर्दोष असण्याचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक आढळते. म्हणजे गर्भ चांगला असूनही त्यास पोसणारी भूमी अनुकूल नव्हती. ही गोष्ट खेदाची खरी, परंतु तीतच आशाही आहे, कारण ती भूमी सुधारता येते.

यवतमाळ जिल्ह्यात ही दोन्ही चित्रे हाकेच्या अंतरावर आहेत. दिवाळीच्या सुमारास कापसाची वेचणी सुरू झाली, की पांढरकवडा, घाटंजी, मारेगाव, झरी जामणी या भागांतील कोलाम व गोंड स्त्रिया दिवस उजाडताच शेतात असतात. अंगावर मांस नाही, पोटात सकाळची अर्धी भाकरी, आणि कमरेला कापसाची ओटी जड होत चाललेली. तिकडे यवतमाळ, पुसद, वणी या गावांतून शिकलेल्या सुना दिवसभर खुर्चीत बसून काम करतात, घरी येऊन पुन्हा ओट्यापाशी उभ्या राहतात, आणि सकाळचे जेवण चुकल्यामुळे संध्याकाळी फरसाण व बिस्किटे यांवर भूक भागवितात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या आकड्यांप्रमाणे देशातील पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा १९ कृश आणि शेकडा २४ स्थूल होत्या. आणि गर्भवतींपैकी निम्म्याहून अधिक जणींच्या अंगात पुरेसे रक्त नव्हते. रक्त दोन्हीकडे उणे, हे विशेष ध्यानात घ्यावे. भरल्या अंगाची सून म्हणजे सुदृढ सून, ही समजूत त्यामुळेच फसवी आहे.

आदिवासी भागातील गर्भवतीस व स्तनदा मातेस दिवसातून एक वेळचे ताजे, पूर्ण जेवण अंगणवाडीतून मिळावे म्हणून राज्य सरकारने २०१५ साली डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या नावाने अमृत आहार योजना सुरू केली. ज्या वाचकांची शेती त्या भागात आहे त्यांनी आपल्याकडे कामास येणाऱ्या गर्भवतीस तेथे जाण्यास मोकळीक द्यावी, आणि फवारणीच्या कामापासून व नुकत्याच फवारलेल्या शेतापासून तिला दूर ठेवावे. २०१७ साली याच जिल्ह्यात फवारणीच्या विषाने शेतकरी व शेतमजूर दगावले, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही.

आता करावयाचे काय, ते पाहू. पहिली गोष्ट म्हणजे हा विचार दिवस राहण्यापूर्वी व्हावा. गर्भाची मुख्य घडण पहिल्या आठ-दहा आठवड्यांतच होते, आणि त्यातील पहिले काही आठवडे तर बाईला कळलेलेही नसते. कृश स्त्रीने ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, अंबाडी-मेथीसारख्या पालेभाज्या, शेंगदाणे, तीळ, जवस, दूध-दही आणि हंगामातील संत्री अशा आहाराने दोन-चार किलो वजन वाढू द्यावे. नुसते तूप आणि साखर यांनी आकडा वाढेल, पण रक्त वाढणार नाही. स्थूल स्त्रीने आपल्या वजनाचा दहावा-विसावा हिस्सा जरी सावकाशीने उतरविला तरी पाळी नियमित होण्यास पुष्कळदा तेवढे पुरते. मात्र दिवस राहिल्यावर वजन उतरविण्याच्या मागे लागू नये; त्या काळी उपासमार गर्भास घातक आहे.

फॉलिक आम्लाची गोळी दिवस राहण्याच्या किमान एक महिना आधीपासून घ्यावी. तिने गर्भस्राव टळतो असे नाही. परंतु बाळाच्या मज्जारज्जूतील भयंकर व्यंग बव्हंशी टळते, हे १९९१ साली निर्विवाद ठरले. या सत्त्वाच्या शोधाचा उगम मुंबईत आहे, हे वाचकांस ऐकून आनंद होईल. ल्यूसी विल्स या इंग्रज विदुषी १९२८ च्या सुमारास मुंबईस आल्या आणि गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब गर्भवतींच्या रक्तक्षयाचा अभ्यास करताना, यीस्टच्या अर्काने तो बरा होतो असे त्यांनी १९३१ साली दाखविले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य म्हणजेच पुढे फॉलिक आम्ल ठरले. शरीर स्थूल असल्यास किंवा मधुमेह असल्यास गोळीची मात्रा अधिक लागते, म्हणून ती डॉक्टरांना विचारूनच ठरवावी.

दिवस राहिल्यावर 'तू आता दोन जिवांची' म्हणून ताटात दुप्पट वाढण्याची आपली रीत प्रेमाची आहे, परंतु हिशेबाची नाही. पहिल्या तीन महिन्यांत अधिक अन्नाची फारशी गरज नसते. ओकाऱ्यांमुळे वजन थोडे उतरले तरी बहुधा काळजीचे कारण नसते. पुढे मात्र रोज सुमारे ३५० कॅलरी अधिक लागतात; म्हणजे एक भाकरी, वाटीभर वरण आणि पेलाभर दूध. बेताच्या वजनाच्या आपल्याकडील स्त्रीचे वजन नऊ महिन्यांत दहा-बारा किलो वाढावे. कृश स्त्रीचे याहून अधिक, स्थूल स्त्रीचे याहून कमी. चातुर्मासातील कडक उपास या काळात सोडावेत. बालक, रोगी आणि गर्भिणी यांस आपल्या परंपरेनेही मोकळीक दिली आहे.

पत्र लिहिणाऱ्या भगिनींस आमचे एवढेच सांगणे आहे की, दोन वेळा असे झाल्यावर आता तर्क करीत बसू नये. मुलगा व सून दोघांनीही तज्ज्ञांकडे जावे. कंठग्रंथी, रक्तातील साखर, रक्त गोठण्याचे दोष, गर्भाशयाची ठेवण आणि गरज वाटल्यास दोघांची गुणसूत्रे यांची तपासणी करून घ्यावी. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञ आहेत. पुन्हा दिवस राहिल्यावर, २०१६ पासून चालू असलेल्या मातृत्व अभियानाप्रमाणे दर महिन्याच्या नऊ तारखेस सरकारी दवाखान्यांत होणाऱ्या गर्भवतींच्या तपासणीचाही लाभ घ्यावा. दोन खेपा गेल्या तरी पुढील खेपेस गर्भ टिकण्याचीच शक्यता अधिक असते, हेही सुनेस सांगावे. नुसते अंथरुणास खिळवून ठेवल्याने गर्भ टिकतो, असे सिद्ध झालेले नाही. मात्र फार रक्तस्राव, ताप, पोटात एका बाजूस असह्य वेदना किंवा घेरी यांपैकी काहीही दिसले, तर सकाळ होण्याची वाट न पाहता १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी.

शेवटी घरातील वडीलधाऱ्यांसाठी दोन शब्द. गर्भ गेल्यावर पाचव्या दिवशी सून पुन्हा ओट्यापाशी उभी, आणि माजघरात तिच्या अंगलटीची चर्चा चालू, हे दृश्य आपल्या सुशिक्षित घरांतही दुर्मीळ नाही. बाळंतिणीस सव्वा महिना जपणारे घर, जिची कूस रिती झाली तिला आठ दिवसही जपत नाही. वास्तविक तिचेही रक्त गेलेले असते, आणि तिचेही कोणी गेलेले असते. तिला विश्रांती द्यावी, लोहाची औषधे द्यावीत, आणि तिचे वजन हा विषय काही दिवस तरी कोणी काढू नये.

त्यानंतर मात्र घरात एक साधा नेम सुरू करता येईल. महिन्यातून एकदा घरातील सर्व स्त्रियांनी, सासूबाईंपासून धाकट्या लेकीपर्यंत, आपले वजन करावे आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहून ठेवावे. एकट्या सुनेचे वजन करू नये. तसे केले तर ती चौकशी होते, सर्वांचे केले तर तो नेम होतो. आणि वाढणारीने सर्वांच्या मागून, उरेल त्यावर जेवण्याची पद्धत ज्या घरात अद्याप आहे, तेथे घरच्या पुरुषांनी आपण होऊन सांगावे की, आजपासून सर्वांची पाने एकाच वेळी मांडा. ज्याला जे लागेल ते त्याने उठून घ्यावे. वरणाचा खालचा घट्ट भाग आणि दह्याची शेवटची वाटी कोणाच्या पानात पडते, याकडे एक आठवडा जरी बारकाईने पाहिले तरी पुष्कळ गोष्टी उमगतील.

पुढील अंकी गर्भवतीच्या रक्तक्षयाचा विचार करू.